मावशी, या श्रावणात फुगडी घाल

प्रिय मावशी,

मागच्या श्रावणात तुझ्या सुनेच्या मंगळागौरीला तू भिंतीला टेकून बसून राहिलीस. आमच्या लहानपणी फुगडीत तुझ्यापुढे कुणी टिकायचं नाही. ‘गुडघे धरलेत गं,’ म्हणालीस. मला ते पटलं नाही, कारण त्याच महिन्यात तू सज्जनगड चढून आली होतीस. मग तुला शिंक आली. शिंकेआधी तू पटकन पायावर पाय आवळलास आणि नंतर उठून मागून साडी चाचपलीस. ते आवळणं मी ओळखलं. लेक झाल्यावर दीड वर्ष मी तेच करत होते.

समोर बसून बोलायला मला जमलं नाही, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसमोर ठेवते आहे, कारण अशा भिंतीला टेकलेल्या बायका घरोघरी आहेत.

मी डॉक्टरांना विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘बाळंतपणानंतर होतंच, सवय होईल.’ झाली की सवय! गडद रंगाचे कपडे, पर्समध्ये जास्तीचा पॅड, बाहेर पडायचं तर पाणी नाही. शेवटी एका मैत्रिणीने मला फिजिओथेरपिस्टकडे नेलं. तिच्या टेबलावर कमरेच्या हाडांचा सांगाडा होता. त्यात तिने पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत एक रुमाल झोळीसारखा ताणून धरला. म्हणाली, ‘हे स्नायू. मूत्राशय, गर्भपिशवी, गुदाशय, सगळ्यांचा भार यांच्यावर.’

मग मला विचारून, पडद्याआड, हातमोजा घालून तिने तपासलं. लघवी आणि वारा एकदमच अडवल्यासारखं आत-वर ओढायला सांगितलं. मी सगळा जोर लावला. तिने माझाच हात माझ्या पोटावर ठेवला. पोट दगडासारखं, श्वास कोंडलेला. मी वर ओढत नव्हते, खाली ढकलत होते! व्हिडिओ बघून चार महिने मी हा व्यायाम उलटा करत आले होते. तिने श्वास सोडता सोडता पुन्हा करायला लावलं. पाचव्या-सहाव्या वेळी आत काहीतरी अगदी बारीक उचललं गेलं. ‘हं, हेच,’ ती म्हणाली, आणि मला रडू आलं.

अर्नोल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये या व्यायामावर लिहिलं, तेव्हा त्यांनी दाब मोजणारं एक उपकरणही बनवलं होतं. स्नायू आवळला की काटा हलायचा, म्हणजे बाईला आपलं बरोबर चाललंय की नाही ते दिसायचं. न दिसणारा स्नायू शिकायचा तर कुणीतरी ‘हं, हेच’ म्हणणारं लागतं.

पुढचं सोपं आहे, पण नेमाचं. एका वेळी आठदा आवळायचं, दर वेळी पूर्ण सैल सोडायचं, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. खोकला-शिंक यायच्या आधी, बादली उचलायच्या आधी स्नायू वर ओढून घ्यायचा. लघवी करताना मधेच थांबवत बसायचं नाही, तो व्यायाम नव्हे. काहींचे स्नायू उलट ताठरलेले असतात, त्यांना आवळायला नाही, सैल सोडायला शिकावं लागतं. म्हणून आधी तपासणी.

तू गणिताची बाई, तुला आकडा हवा. शिंकताना, खोकताना लघवी निसटणाऱ्या बायकांवरच्या चाचण्यांचा २०१८ चा कॉक्रेन आढावा आहे. हा व्यायाम केलेल्यांपैकी ५६ टक्के जणींनी बरं झाल्याचं सांगितलं. न केलेल्यांत ते प्रमाण ६ टक्के होतं. सगळ्याच बऱ्या होत नाहीत, हे खरं. खाली गोळा उतरल्यासारखं वाटत असेल, अंग बाहेर येत असेल, तर तेही फिजिओथेरपिस्टला सांग. त्यालाही व्यायाम आहे, आत बसवायची रिंग आहे, अगदी लागलीच तर शस्त्रक्रिया आहे.

न तपासता सोसणारी तू एकटी नाहीस. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि आधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. मला राग येतो तो याचा. शाळेत बायकांसाठी धड संडास नाही म्हणून तू तीस वर्षं सकाळपासून संध्याकाळपर्यंत लघवी दाबून धरलीस, आणि आजही त्याची लाज तूच वाहतेस.

माझ्या फिजिओथेरपिस्टकडे तुझ्यासाठी मंगळवारी अकराची वेळ घेतली आहे. कराडहून सकाळची एसटी धर, मी स्वारगेटला उभी असेन. आणि पाणी पिऊन निघ. न प्यायल्याने लघवी दाट होते, मूत्राशय आणखी चिडतं. गाडी वाटेत थांबते तिथे उतर. तपासणीच्या वेळी तू म्हणालीस तर आत येईन, नाहीतर पडद्याबाहेर बसून राहीन.

तुझी,
चिमी