मास्क आणि भाची

सध्या पोस्टिंग जोधपूरला. मे महिन्यात सीबीआरएनचा सराव म्हणजे काय, ते ज्याने तो सूट घातलाय त्यालाच कळेल. दहा मिनिटांत बुटात घाम साचतो.

सरावानंतर वर्गात उस्तादांनी स्वेर्दलोव्स्कची गोष्ट सांगितली. एप्रिल १९७९. सोव्हिएत लष्कराच्या केंद्रातून काळपुळीचे जंतू हवेत सुटले. वारा ज्या दिशेला होता त्याच रेषेत माणसं मेली, किमान ६६. पुढच्या गावांत मेंढ्या मेल्या. सरकार म्हणालं, खराब मांस खाल्लं. खरं कबूल करायला १९९२ उजाडलं. आणि जैविक अस्त्रांवर बंदी घालणारा १९७२ चा करार त्या देशाने केव्हाच मान्य केला होता! आपणही त्यात आहोत. पण कोण पाळतो, कोण नाही, हे तपासायची यंत्रणा त्या करारात आजही नाही.

काळपुळी म्हटल्यावर गाव आठवलं. आमचे आबा असं मेलेलं जनावर कुणाला कापू देत नसत. खोल खड्डा, वर चुना. शाळा चौथीपर्यंत, पण नियम पक्का.

रात्री भाचीला फोन लावला. ती मायक्रोबायोलॉजी शिकते.

"हा करार शिकवला का गं तुम्हाला?"

"नाही मामा. परीक्षेला नसतं ते."

मास्क मला काही तास वाचवेल. उद्या जंतू हाताळणारे हात मात्र तिचे असतील. म्हटलं, वाचून ठेव.

"तू आलास की घे तोंडी परीक्षा," म्हणाली.

रजा मिळाली तर दिवाळीत घेईन.