काजळ

काजळची वरची चोच डावीकडे वळलेली, खालची उजवीकडे. जमिनीवरचा ज्वारीचा दाणा ती बरोबर हेरायची, नेमकी टोच मारायची आणि दाणा जागच्या जागी राहायचा. ती पुन्हा टोच मारायची. बाकीच्या कोंबड्यांचं खाऊन होईपर्यंत तिच्या पोटात चार दाणेही गेलेले नसायचे.

काजळ झाबुआची कडकनाथ. पिसं, तुरा, पाय, जीभ, सगळं काळं. त्या भागात या जातीला कालामासी म्हणतात. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं आणि भोपाळमध्येही हौशी लोक ही पिल्लं आणू लागले. बाबा भोपाळच्या भेल कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर आम्ही भोपाळमधल्याच आनंदनगरला राहायला आलो. मागे परस होतं, तिथं बाबांनी खुराडं बांधलं. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने झाबुआहून पिल्लं आणून दिली, त्यातलीच ही. आली तेव्हा चोच सरळ दिसत होती. पिल्लू वाढू लागलं तशी ती वाकत गेली.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हा रोग नाही, इतरांना लागणार नाही. असा दोष पुष्कळदा आनुवंशिक असतो, कधी अंडं उबवताना तापमान बिघडल्यानंही होतो. "चोच सरळ होणार नाही," ते म्हणाले, "पोट भरतंय का, तेवढं बघा." घरी दूध घालणारे भैया मात्र रोज म्हणायचे, "काट डालो, बेचारी भूखी मर जाएगी." त्यांचं म्हणणं निर्दयपणाचं नव्हतं. गावाकडे अशा पिल्लाचं हेच होतं, कारण एका कोंबडीला वेगळं भरवायला कुणाला वेळ नसतो. आमच्याकडे वेळ होता.

आईनं आधी ताटली बदलली. दाण्याऐवजी कोंबड्यांचं खाद्य पाण्यात कालवून, इडलीच्या पिठापेक्षा जरा घट्ट करून ती खोलगट भांड्यात द्यायची. भांडं विटेवर, काजळच्या छातीच्या उंचीला. मग काजळला टोचावं लागायचं नाही. ती खालची चोच पिठात खुपसायची, मान वर झटकायची आणि घास घशात सारायची. निम्मं खाद्य तिच्या गळ्यावर आणि आईच्या लुगड्यावर उडायचं. पाण्याचं भांडंही खोल, म्हणजे चोच पूर्ण बुडेल असं. जेवण इतरांपासून वेगळं, कारण ती सावकाश खायची आणि बाकीच्या तिला हुसकून लावायच्या. संध्याकाळी बाबा तिला मांडीवर घेऊन आधी गळ्याची पिशवी चाचपायचे, मग छातीचं हाड. पिशवी भरलेली लागली तर आज पोट भरलं. हाड धारदार लागायला लागलं तर आठवडाभर कुठंतरी कमी पडतंय.

चोच नखासारखी जन्मभर वाढते. चांगली कोंबडी ती दगडमातीवर घासून झिजवते आणि वरची-खालची चोच एकमेकींवर घासली जाते. काजळच्या चोची एकमेकींना टेकतच नव्हत्या, म्हणून त्या लांबत जायच्या. बाबांनी आयुष्यभर कानस चालवली होती. तिच्यासाठी त्यांनी सगळ्यांत बारीक कानस काढली. चोचीच्या आत रक्तवाहिनी असते. फिकट चोचीत उजेडासमोर तिचा अंदाज येतो, कडकनाथच्या काळ्या चोचीत काहीच दिसत नाही. म्हणून ते एका वेळी अगदी थोडं घासायचे, बोटानं टोक तपासायचे, पुन्हा थोडं. काजळ टॉवेलात गुंडाळलेली, डोळे अर्धे मिटून शांत बसायची.

चोच धड नसली की खाण्याबरोबर अंगाची निगाही राहत नाही, हे आम्हाला नंतर कळलं. कोंबडी शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल चोचीनं पिसांना लावते, उवा वेचते. काजळला ते जमायचं नाही. आई तिच्यासाठी घमेल्यात राख आणि कोरडी माती ठेवायची, पंखांखाली हात घालून पिसं उलटी करून बघायची. पावसाळ्यात काजळ इतरांपेक्षा लवकर भिजायची, म्हणून पाऊस आला की ती पडवीत.

ती अंडीही द्यायची, लहान, फिकट तपकिरी. ती आम्ही खाल्ली, उबवायला कधी ठेवली नाहीत. दोष पुढच्या पिल्लात उतरू नये, हाही काळजीचाच भाग होता.

आमच्या घराजवळच उच्च सुरक्षा पशुरोग संस्था आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबारमधल्या नवापूरच्या कोंबड्यांना बर्ड फ्लू झाल्याचं निदान इथंच झालं. देशातली ती पहिली साथ. जानेवारी 2021 मध्ये इंदूरला कावळे मेले, परभणीच्या मुरुंबा गावात कोंबड्या मेल्या, नमुने पुन्हा इथंच आले. महाराष्ट्रातले नातेवाईक बातम्यांत भोपाळचं नाव ऐकून फोन करायचे. बाबांनी खुराड्यावर जाळी आणि ताडपत्री घातली, कावळा-चिमणी खाद्यापाशी येऊ नये म्हणून, आणि आत जायच्या चपला वेगळ्या ठेवल्या. साथ आली तर आजारी-धडधाकट न बघता कळपच्या कळप मारावा लागतो, आणि ते योग्यच आहे. पुढचे कळप आणि माणसं त्यानं वाचतात. पण साथ नसताना, निव्वळ चोच वाकडी म्हणून एका पक्ष्याचं जगणं संपवायचं कारण नाही.

काजळ 2023 च्या मे महिन्यात गेली. भोपाळचा मे कोंबड्यांना कठीण. त्यांना घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकून त्या अंग थंड करतात. ओलं पोतं, सावली, थंड पाणी सगळं होतं. तरी एका दुपारी ती आईच्या हातात गेली. बाबांनी तिला पेरूच्या झाडाखाली पुरलं.

तिचा दोष शेवटपर्यंत तसाच होता. फरक पडला तो भांड्याच्या खोलीनं, विटेच्या उंचीनं आणि रोज संध्याकाळी छातीवरून फिरणाऱ्या हातानं. अशी पिल्लं पुष्कळ घरांत निघतात आणि उपाशी मरतात, कारण ती दिवसभर टोचत असतात आणि पाहणाऱ्याला वाटतं, खातायत. आता परिसरातलं कुणी असं पिल्लू घेऊन आलं, की बाबा चोचीकडे नंतर बघतात. आधी त्या माणसाचा हात धरून पिल्लाच्या छातीच्या हाडावर ठेवतात आणि भूक कशी ओळखायची ते शिकवतात.