शेगडी नसलेल्या खोल्यांसाठी

ब्रिटनमधल्या फूड बँकेतून मिळणाऱ्या पार्सलात साधारण तीन दिवसांचं अन्न असतं. पास्ता, तांदूळ, बीन्स आणि टोमॅटोचे डबे, टिनमधले मासे, चहा, टिकाऊ दूध, बिस्किटं. सुपरमार्केटच्या दाराशी ठेवलेल्या टोपलीत लोकांनी टाकलेलं आणि स्वयंसेवकांनी तारखा तपासून रचलेलं. यातलं बरंचसं शिजवावं लागतं, आणि लंडनमध्ये अनेकांकडे नेमकी शेगडीच नसते.

एवढ्या श्रीमंत शहरात हे कसं, असं पुण्याहून येणारे पाहुणे विचारतात. लंडनमधल्या कौन्सिलांच्या संघटनेच्या अंदाजानुसार दर ५० लंडनकरांमागे एक जण तात्पुरत्या निवाऱ्यात राहतो. भाड्याचं घर सुटलेल्या कुटुंबाला कौन्सिल कधी हॉटेलच्या एखाद्या खोलीत ठेवतं. मुलं असतील तर अशा जागी सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नये असा नियम आहे, आणि तो वारंवार मोडला जातो. खोलीत किटली असते, नशीब असेल तर मजल्यावर सगळ्यांत मिळून एक मायक्रोवेव्ह. ज्यांच्या घरी शेगडी आहे त्यांच्यापैकी काहींचा गॅस प्रीपेमेंट मीटरवर चालतो. भरलेले पैसे संपले की भांड्याखालची ज्योत विझते. अशांसाठी फूड बँका वेगळं ‘किटली पार्सल’ बांधतात. उकळतं पाणी ओतलं की होईल एवढंच त्यात असतं: कपातलं सूप, नूडल्स, बटाट्याची भुकटी. ही पार्सलं पाहिली की मला संताप येतो. बांधणाऱ्यांचा नव्हे; ती बांधायची वेळ आली, याचा.

म्हणून उत्तर-पश्चिम लंडनमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये आम्ही काही जण शनिवारी एकत्र स्वयंपाक करतो. शिजवायचं, झपाट्याने थंड करायचं, डब्यांत भरून जवळच्या फूड बँकेच्या फ्रीझरमध्ये पोचवायचं. नेणाऱ्याने फक्त गरम करायचं.

काय शिजवायचं हे आदल्या संध्याकाळी ठरतं, कारण दुकानांतली उरलेली भाजी क्रेटमधून तेव्हा येते. कधी नुसते पार्सनिप आणि लीक, कधी दोन क्रेट भरून भोपळा. मसूर डाळ मात्र नेहमी असते. भिजवावी लागत नाही, लवकर शिजते आणि कोणत्याही भाजीला सामावून घेते. कांदा चिरायला सगळ्यांत आधी येतात त्या वेंब्लीच्या एक मासी. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या आशियाई लोकांत त्या होत्या. इंग्लंडमध्ये उतरल्यावर सरकारने त्यांच्या कुटुंबाला सफकमधल्या एका जुन्या लष्करी छावणीत ठेवलं होतं. तिथे कुणीतरी रोज आपल्यासाठी स्वयंपाक करत होतं आणि त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं, असं मासी एकदा म्हणाल्या. त्यांच्या शेजारी बटाटे सोलतात ते बस चालवून निवृत्त झालेले एक जमैकन आजोबा. दोघांची भाषा एक नाही, पण चिरण्याचा वेग एक आहे.

मराठी स्वयंपाकाची खरी परीक्षा इथे फोडणीपाशी होते. ब्रिटनच्या अन्नकायद्यात १४ ॲलर्जीकारक पदार्थांची यादी आहे. मोहरी त्या यादीत आहे, तीळ आहेत, शेंगदाणे आहेत. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, म्हणून तोही आला. आपल्या मसाल्याच्या डब्यातलं निम्मं सामान त्यात जातं. कायदा या वस्तू वापरू नका असं म्हणत नाही, डब्यावर लिहा म्हणतो. २०१६ मध्ये नताशा एडनान-लापेरूस ही १५ वर्षांची मुलगी विमानतळावर घेतलेल्या बॅगेटमधल्या तिळांमुळे दगावली. तीळ पिठातच मिसळलेले होते आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. अशा वेष्टनांवर सगळे घटक लिहायलाच हवेत, हा तिच्या आईवडिलांनी लढून घडवलेला बदल ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. आम्ही चिठ्ठी तर लावतोच, पण मोहरीही वगळतो. दुकानात गेलेला माणूस चिठ्ठी वाचून दुसरा डबा उचलू शकतो. फूड बँकेत आलेल्या आईसमोर बहुधा तो एकच डबा असतो. जिरं, लसूण आणि हळदीवर डाळ उत्तम होते, हे मी आता खात्रीने सांगते.

भाताचा नियम त्याहून कडक. शिजवूनही न मरणारे काही जिवाणूंचे बीजाणू तांदळात असू शकतात. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. त्यामुळे भात तासाभरात थंड व्हायला हवा. आमच्या घरी रात्रीचा भात ओट्यावर झाकलेला असे आणि सकाळी कांदा घालून फोडणीला पडे. इथे शिजल्याबरोबर तो आम्ही रुंद ट्रेमध्ये पातळ पसरतो, खिडक्या उघडतो आणि एक जण घड्याळ धरून उभा राहतो. जानेवारीत तेव्हा सगळे कोट घालून असतात. याला कुणी सोपस्कार म्हटलं तर मला पटत नाही. ज्याला आजारी पडून पगार बुडवणं परवडत नाही, त्याच्या ताटाची काळजी सर्वांत जास्त घ्यायला हवी.

आपल्याकडे पंगतीत वाढणारा समोरच्याचा चेहरा पाहतो, आग्रह करतो, पुरे म्हटलं की थांबतो. आमचे डबे कुणाच्या खोलीत उघडतात ते आम्हाला कळत नाही, आणि ते योग्यच आहे. मदत घेणाऱ्याने कुणापुढे आपला चेहरा न्यावा अशी सक्ती कशाला? मात्र फूड बँकेकडून निरोप येतात आणि ते आम्ही आज्ञेसारखे पाळतो. भोपळा पुरे झाला, तिखट थोडं वाढवा, एकट्या माणसासाठी लहान डबे हवेत.

हे काम वाढतंय याचा आनंद मात्र मला होत नाही. ट्रसेल या इथल्या सर्वांत मोठ्या जाळ्याची पहिली फूड बँक २००० साली सॉल्झबरीत एका दांपत्याच्या बागेतल्या शेडमधून सुरू झाली. २०१०-११ मध्ये त्यांच्या केंद्रांनी सुमारे ६१ हजार पार्सलं दिली. २०२३-२४ मध्ये ३१ लाखांहून जास्त, त्यातली ११ लाखांहून जास्त मुलांसाठी. भाडं आणि पगार यांतलं अंतर आमच्या डाळीने भरून निघणार नाही. ते सरकारने भरायचं आहे, आणि मतदान करताना मी ते लक्षात ठेवते.

पण मुलांना आज भूक लागते. लंडनच्या सरकारी प्राथमिक शाळांत २०२३ च्या सप्टेंबरपासून सगळ्यांना दुपारचं जेवण मोफत आहे. जुलैअखेर शाळा सुटतात आणि सहा आठवडे ते ताट बंद होतं, म्हणून मे-जूनपासूनच आमची फ्रीझर भरायची धावपळ चालू होते. यंदा हॉल बुधवारीही मिळणार आहे. शिजवणारे आहेत; चिरणारे आणि संध्याकाळी डबे गाडीतून पोचवणारे आणखी चार-पाच जण हवेत. हॅरो-वेंब्लीकडच्या मराठी मंडळींनी कळवावं. सुरी आणि ॲप्रन आम्ही देऊ.