पोंभुर्ण्याच्या विहारात जगाचा इतिहास

मूलहून दक्षिणेला पोंभुर्ण्याचा रस्ता धरला की दोन्ही अंगांनी धानाच्या बांध्या लागतात. बांध्यांपलीकडे जंगल, आणि मध्येच कुठे बोडी, कुठे मोठा तलाव. ताडोब्याच्या रानातून निघालेली अंधारी नदी याच मुलखातून वैनगंगेकडे जाते. वैनगंगेच्या पलीकडे गडचिरोली जिल्हा. पोंभुर्णा तालुक्याचे ठिकाण खरे, पण गाव लहानच. तहसील, बाजार, महाविद्यालय आणि एस.टी.चा थांबा पाहून झाला की पाहायचे फारसे उरत नाही. पाहुणा म्हणून येणारा मनुष्य वाघाची चौकशी करतो आणि ताडोब्याकडे निघून जातो.

आम्ही समाजकार्याच्या निमित्ताने या भागात नेहमी जातो. तेथे रविवारी दुपारी एका वस्तीतील विहारात जगाच्या इतिहासाचा वर्ग भरतो, असे कळले म्हणून मुद्दाम थांबलो. आधी विश्वास बसला नाही. पोलीस भरतीचा वर्ग असेल, तलाठी परीक्षेचा असेल, असे वाटले. पण आत गेलो तर भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला, आणि एक निवृत्त गुरुजी वेस्ट इंडीजमधील एका बेटावर खडूचे बोट ठेवून उभे. समोर सतरंजीवर पंचवीस-तीस मुले-मुली. कोणी घोसरीचे, कोणी देवाडा खुर्दचे, कोणी नवेगाव मोऱ्याचे. सायकलींची रांग दाराबाहेर. वर्ग उन्हे कलण्याआधी संपवावा लागतो, कारण अंधार पडल्यावर जंगलाच्या रस्त्याने जाणे बरे नाही. येथे वाघ पर्यटकांपुरता नसतो.

काही मुले परीक्षेसाठी येतात, हे लपवण्याचे कारण नाही. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून अठराव्या शतकापासूनचा जगाचा इतिहास आला. बाकीची का येतात, हे दोन तास बसल्यावर समजले.

आम्ही बी.कॉम. झालेले. आमच्या शिक्षणात जमाखर्च आला, ताळेबंद आला. जगाचा इतिहास शाळेच्या पुस्तकाबरोबरच मागे राहिला. तेव्हा तो कसा शिकलो, हे वाचकांना ठाऊकच आहे. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे पाच, परिणाम सहा. मास्तरांनी सांगायचे, आपण उतरवायचे, पेपरात ओकायचे. १४ जुलै १७८९ ला बास्तीलचा तुरुंग पडला हे पाठ; पण त्याच वर्षी ऑक्टोबरात पॅरिसच्या बाया भाकरीसाठी व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या, हे कोणी थांबून सांगितले नाही. त्यावर प्रश्न विचारायची तर सोयच नव्हती.

गुरुजींची पद्धत अशी : चाळीस मिनिटे व्याख्यान, त्या वेळी वही बंद. नंतर चर्चा. चर्चेला एकच नियम. ज्याच्या म्हणण्यावर बोलायचे, त्याचे म्हणणे आधी आपल्या शब्दांत सांगायचे. तो 'बरोबर' म्हणाला की मगच आपले मत मांडायचे. हा नियम आमच्या सभा-संमेलनांत लागू केला तर निम्मी भाषणे होणारच नाहीत.

त्या दिवशीचा विषय हैती. १७८९ मध्ये फ्रान्सने मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला, आणि फ्रान्सच्याच ताब्यातील सेंट डोमिंग बेटावर लाखो काळे गुलाम उसाच्या मळ्यात राबत होते. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी बंड केले. १७९४ मध्ये फ्रान्सच्या सभागृहाला गुलामगिरी रद्द करावी लागली. नेपोलियनने १८०२ मध्ये ती आपल्या वसाहतींत पुन्हा आणायला घेतली. बेटावरच्या लोकांनी त्याच्या फौजेचा पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. येथपर्यंत मुले खुशीत होती. पुढे गुरुजींनी १८२५ चे साल सांगितले. फ्रान्सने लढाऊ जहाजे पाठवून हैतीकडून १५ कोटी फ्रँकची मागणी केली. कशाबद्दल? मळेवाल्यांची मालमत्ता गेली त्याबद्दल. मालमत्तेत माणसेही धरली होती. १८३८ मध्ये ही रक्कम ९ कोटींवर आली, पण ती भागवण्यासाठी काढलेल्या कर्जाचे ओझे १९४७ पर्यंत उतरले नाही. ब्रिटनने १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तेव्हा २ कोटी पौंड मालकांना मोजले. त्यासाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड २०१५ मध्ये झाली.

एक मुलगी उठली. "मंग गुरुजी, जे गुलाम होते त्यायले काय भेटलं?"

"काही नाही," गुरुजी म्हणाले.

आम्ही जन्मभर जमा आणि नावे लिहिणारे. ज्याच्या अंगावर वळ उठले त्याच्याच नावे रक्कम टाकलेली, अशी नोंद मात्र कधी पाहिली नव्हती.

मग देवाड्याकडचा एक मुलगा म्हणाला, "आपल्या इथंबी मालगुजाराले पैसे भेटले होते ना जी?" आणि वर्गाचा रंगच बदलला. येथल्या पोरांना मालगुजारी शिकवावी लागत नाही. या भागातल्या तलावांना 'मामा तलाव' म्हणतात, ते मामा म्हणजे माजी मालगुजारी. इंग्रजांनी १८६० नंतरच्या बंदोबस्तात मालगुजारांना गावाची मालकी दिली. तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश सरकारने १९५० चा कायदा केला, ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी गेली, आणि मालगुजारांना भरपाई मिळाली.

वर्गात मालगुजाराच्या घराण्याशी नाते असलेला एक तरुण होता. तो ताडकन म्हणाला, "सगळे मालगुजार सारखे नव्हते. आमच्या पणज्यानं तलाव बांधला. त्याच पाण्यावर आजबी तुमचा धान पिकते."

क्षणभर वाटले, आता भांडण होणार. पण नियम होता. मघाची मुलगी म्हणाली, "दादा, तुमचं म्हणणं असं का तलाव तुमच्या पणज्यानं बांधला, पैसा त्यायचा होता, अन् त्याचा फायदा आमालेबी होते. बरोबर?" त्याने मान हलवली. "मंग पाळीवर माती कोणी टाकली, अन् त्यायले काय भेटलं, हे तुमाले माहीत हाय का?"

तो गप्प राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "घरी विचारावं लागंल." गुरुजींनी सर्वांनाच ते काम दिले. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून या.

बाबासाहेब जगाचा इतिहास कसा शिकले, हे येथे सांगितले पाहिजे, कारण गुरुजींनी ती पद्धत तेथूनच घेतली आहे. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. विषय अर्थशास्त्र, पण त्यांनी तेथे अर्थशास्त्राच्या २९ अभ्यासक्रमांबरोबर इतिहासाचे ११ अभ्यासक्रम केले. राजांच्या लढायांऐवजी सामान्य माणसाच्या विचारांचा आणि जगण्याचा इतिहास शिकवावा, असे आग्रहाने मांडणारे जेम्स हार्वे रॉबिन्सन त्यांचे प्राध्यापक होते. दुसरे जेम्स शॉटवेल. हेच शॉटवेल १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या स्थापनेत होते, आणि त्यांचा हा विद्यार्थी १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचा सदस्य झाला. कोलंबियातले वर्गमित्र आणि प्राध्यापक हेच आपले आयुष्यातले उत्तम मित्र, अशा अर्थाचे बाबासाहेबांनी १९३० मध्ये लिहिले आहे. वर्गातच मैत्री मिळणे म्हणजे काय, हे ज्याला शाळेत वेगळे बसवले होते त्यालाच कळणार.

आणि तो ९ मे १९१६ चा दिवस! डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. परदेशी विद्यार्थी समोर, आणि आपल्या गावातली गोष्ट जगाच्या चर्चेला ठेवलेली. तो निबंध पुढे १९१७ मध्ये छापला गेला, पण त्याचा जन्म वर्गातला आहे. महात्मा फुल्यांनी तर त्याच्याही आधी, १८७३ मध्ये, 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केले होते. जगाचा इतिहास आपल्याकडे परीक्षेच्या वाटेने आलेला नाही.

हल्ली मोबाईलवर मोठमोठ्या प्राध्यापकांची व्याख्याने ऐकता येतात. मुले ती ऐकतात, ऐकावीतच. पण मोबाईलला 'गुलामाले काय भेटलं' असे विचारले तर तो देवाड्याच्या पोराला मामा तलाव आठवून देणार नाही.

पुढच्या रविवारी आम्ही मुद्दाम रजा जोडून पुन्हा गेलो. खरे सांगायचे तर त्या तरुणासाठी गेलो. तो येईल की नाही, अशी शंका होती. तो वेळेच्या आधीच येऊन बसला होता.

आधी तोच उठला. घरातल्या आजीला विचारले, म्हणाला. तलावाची पाळ फुटली की घरटी एक माणूस बोलावत. मजुरी नव्हती. त्याला बेगारच म्हणत. एवढे सांगून तो खाली बसला. मान मात्र खाली घातली नाही. मग ती मुलगी बोलली. तिची पणजी नव्वदीच्या पुढची आहे. पणजी म्हणाली, काही साली पायलीभर धान देत असत, सालोसाल नाही; आणि दिले ते गड्याला, बाईच्या हाती कधी पडले नाही.

म्हणजे मालगुजाराकडचा म्हणतो काहीच दिले नाही, आणि राबणारीच्या घरचे म्हणतात थोडे दिले. वर्ग चक्रावला. एकाने विचारले, यातले खरे कोणते धरायचे? दुसरा म्हणाला, दोन गावांची रीत वेगळी असेल. बाईच्या हाती का पडले नाही, यावर मुलींनी पाऊण तास घेतला आणि रशियाचे व्याख्यान त्या दिवशी झालेच नाही. गुरुजींनी दोन्ही जबान्या फळ्यावर लिहिल्या, वहीत उतरवून घ्यायला लावल्या.

जुने कागद पाहिल्याशिवाय हे सुटणार नाही, असे शेवटी ठरले. सरकारी कचेरीत अर्ज कसा करायचा, नकलेची फी कुठे भरायची, हे वर्गात आम्हालाच माहीत होते, म्हणून ते काम आमच्याकडे आले. तेंदूच्या हंगामात वर्ग बंद असतो. त्याआधी नकला मिळाव्यात, या बेताने आम्ही अर्ज टाकला आहे.