ट्राम थांबायची त्या गावात

जनावरानं ओढायची ट्राम एका मोठ्या घरासमोरून चालली आहे. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडते, घरातली बाई शीळ घालते आणि ट्राम थांबते. बाईंना अजून आवरायचं आहे, स्वयंपाकघरात दोन गोष्टी सांगायच्या आहेत, छत्री सापडायची आहे. तोवर ट्राम उभी राहते आणि आत बसलेल्यांपैकी कुणाचीच तक्रार नसते. ऑर्सन वेल्सच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ या चित्रपटाची सुरुवात अशी होते. पडद्यामागून वेल्सचा धीरगंभीर आवाज त्या गावाच्या गोष्टी सांगत असतो: टोप्या कशा बदलल्या, विजारी कधी रुंद झाल्या, कधी अरुंद. चौकटीच्या कडा किंचित धूसर आहेत, जुन्या फोटोंच्या असतात तशा. पहिल्या काही मिनिटांतच आपण त्या गावचे होतो. आणि चित्रपट आपल्याला तिथं एवढ्या प्रेमानं का घेऊन आला आहे, ते लगेच उमगू लागतं. हे गाव जाणार आहे.

अँबरसन्सवर माझं प्रेम आहे, ते त्यातल्या या प्रेमामुळं. गेलेल्या काळावर जीव लावणाऱ्या कलाकृती पुष्कळ असतात. पण जो काळ जायलाच हवा होता, ज्याच्या जाण्यात न्याय होता, त्याच्यासाठी खरेखुरे अश्रू ढाळणं आणि तो न्यायही नाकारायचा नाही, हे फार थोड्यांना जमलं. वेल्सला ते सव्विसाव्या वर्षी जमलं.

चित्रपटाच्या तारखा पाहिल्या की मन थबकतं. चित्रण सुरू झालं २८ ऑक्टोबर १९४१ रोजी. ते चालू असतानाच ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. चित्रपटाचा विषय काय, तर मोटारगाडी आली आणि तिनं एका गावाचं, एका घराण्याचं आयुष्य कसं उलथून टाकलं. फेब्रुवारी १९४२मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांनी सामान्य ग्राहकांसाठी मोटारी बनवणं बंद केलं. तिथं आता रणगाडे आणि विमानं तयार व्हायची होती. रबर मिळेना, पेट्रोलला रेशन लागलं. जुलैमध्ये चित्रपट लागला तेव्हा प्रेक्षक मोटारीच्या आगमनाची गोष्ट पाहत होते आणि बाहेर नवी मोटार विकत मिळत नव्हती.

त्या दशकातले कितीतरी चांगले चित्रपट असे विसाव्या शतकाच्या उंबरठ्याकडे वळून बघतात. १९४४चा ‘मीट मी इन सेंट लुईस’ घ्या. व्हिन्सेंट मिनेलीनं टेक्निकलरमध्ये १९०३-०४चं सेंट लुईस उभं केलं: जूडी गार्लंड, ट्रॉली, जेवणाच्या टेबलाशेजारी खणखणणारा दूरगावचा फोन आणि शेवटी ते प्रचंड जागतिक प्रदर्शन. १९४३चा पॉवेल-प्रेसबर्गर यांचा ‘द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिंप’ १९०२च्या बर्लिनमध्ये जातो. तिथं एक इंग्रज आणि एक जर्मन अधिकारी द्वंद्वयुद्ध खेळतात आणि जन्माचे मित्र होतात. बाँब पडत असताना, मुलं आघाडीवर असताना माणसं चाळीस वर्षांपूर्वीच्या दिवाणखान्यात जाऊन बसत होती. यात नवल नाही. १९४४मध्ये जे पन्नाशीचे होते, ते १९०४ साली दहा वर्षांचे होते. त्यांच्या आठवणीतली ती शेवटची नि:शंक वर्षं. पुढं पहिलं महायुद्ध, मग मंदी, मग हे दुसरं.

पण आठवण निवडून निवडून आठवते. सेंट लुईसच्या त्या प्रदर्शनात फिलिपिन्समधून आणलेल्या हजाराहून अधिक माणसांची वस्ती वसवली होती. नुकत्याच जिंकलेल्या देशातली माणसं, बघ्यांसाठी मांडलेली. मिनेलीच्या झगमगत्या दिव्यांत ती कुठंच नाहीत. ‘कर्नल ब्लिंप’चा नायक बर्लिनला जातो तो दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रजांच्या अत्याचारांच्या बातम्या खोट्या आहेत, हे ठासून सांगायला. बोअर बायकामुलांच्या छावण्यांचं वास्तव एमिली हॉबहाउसनं १९०१मध्येच जगापुढं आणलं होतं. चित्रपटाला मात्र आपला नायक किती भाबडा आहे हे ठाऊक आहे, आणि म्हणून तो मला सेंट लुईसपेक्षा मोठा वाटतो. अँबरसन्स त्याहून एक पाऊल पुढं जातो.

कथा मुळात बूथ टार्किंग्टनची. टार्किंग्टन इंडियानापोलिसचा, जन्म १८६९चा. आपलं हिरवं, ऐसपैस गाव कोळशाच्या धुरानं काळवंडताना त्यानं डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या १९१८च्या कादंबरीत काजळी जणू एक पात्रच आहे. पडद्यांवर, भिंतींवर, माणसांच्या कॉलरवर ती बसत राहते. वेल्सनं १९३९मध्ये हीच गोष्ट रेडिओवर केली, तेव्हा उर्मट नायक जॉर्ज त्यानं स्वतः रंगवला होता. चित्रपटात जॉर्ज टिम होल्टला दिला आणि स्वतः फक्त आवाज झाला. हा निर्णय मला फार अर्थपूर्ण वाटतो, कारण वेल्ससाठी ही गोष्ट घरची होती. त्याचे वडील रिचर्ड वेल्स विस्कॉन्सिनमधल्या केनोशाचे; सायकलींचे आणि पहिल्या मोटारींचे दिवे बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी पैसा केला. आई पियानो वाजवायची. आई गेली तेव्हा ऑर्सन नऊ वर्षांचा होता, वडील गेले तेव्हा पंधरा. मोटारीचा खटाटोप करणारा, सौम्य, हसरा यूजीन मॉर्गन म्हणजे आपले वडीलच, असं तो म्हणायचा. आईवडिलांच्या तरुणपणीचा काळ त्यानं स्वतः पाहिलेला नव्हता. जे पाहिलं नाही त्याचीच हुरहुर माणसाला सगळ्यांत जास्त लागत असावी.

यूजीन आणि इझाबेल अँबरसन यांचं तरुणपणी लग्न व्हायचं होतं. एका रात्री तो प्यायलेल्या अवस्थेत तिच्या खिडकीखाली गायला आला आणि वाद्यावरच कोसळून ते मोडून बसला. इझाबेल अपमानानं पेटली आणि तिनं एका नीरस माणसाशी लग्न केलं. तिचं सगळं प्रेम मग एकुलत्या एका मुलावर, जॉर्जवर, ओतलं गेलं. बरीच वर्षं उलटल्यावर यूजीन विधुर होऊन, मुलीला, लूसीला, घेऊन, स्वतः बनवलेली मोटार घेऊन गावात परततो.

तो परततो ती मेजवानीची रात्र. त्या मोठ्या घरातला तो शेवटचा मोठा नाच. दार उघडतं, वाऱ्याबरोबर आपणही आत शिरतो आणि स्टॅन्ली कॉर्टेझचा कॅमेरा दालनामागून दालनं ओलांडत राहतो. नाचणारी जोडपी येतात, जातात, बोलणं अर्ध्यावर राहतं, दुसरं सुरू होतं. कोण महत्त्वाचं ते कुणी सांगत नाही. आपण पाहुण्यासारखे भिरभिरतो. शेवटी दिवे मंदावलेल्या दालनात यूजीन आणि इझाबेल दोघंच नाचत राहतात. इझाबेल झालेली डोलोरेस कॉस्टेलो मूकपटांच्या जमान्यातली तारका. तिचे वडील मॉरिस कॉस्टेलो सिनेमाच्या अगदी आरंभीच्या नटांपैकी. इझाबेलच्या म्हाताऱ्या वडिलांची, मेजर अँबरसनची, भूमिका केली आहे रिचर्ड बेनेटनं, शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कची रंगभूमी गाजवलेल्या नटानं. वेल्सनं काळ उभा करायला कपडे आणि खुर्च्या आणल्याच, शिवाय तो काळ जगलेले चेहरेही आणले. आगीच्या उजेडात मेजर सूर्याबद्दल, मातीबद्दल चाचरत बोलतो, तेव्हा तो चेहरा अभिनयाच्या पलीकडे गेलेला असतो.

दुसऱ्या दिवशी बर्फ. जॉर्जची घोड्याची घसरगाडी उधळत येते. यूजीनची मोटार बर्फात रुतून खोकते आहे. जॉर्ज मोटारीची टर उडवतो आणि पुढच्याच वळणावर घसरगाडी उलटून तो नि लूसी बर्फात पडतात. मग सगळे त्याच थट्टेच्या मोटारीत दाटीवाटीनं बसतात, जॉर्ज मागून ढकलतो, धूर त्याच्या तोंडावर येतो आणि सगळे गात जातात. हे चित्रण वेल्सनं लॉस एंजेलिसमधल्या बर्फाच्या कारखान्यात, खऱ्या थंडीत केलं. माणसांच्या तोंडून वाफ निघायला हवी, हा त्याचा हट्ट. त्या वाफेमुळंच ते हसू जिवंत वाटतं. प्रसंग संपताना पडदा गोल आकसत मिटतो, मूकपटात मिटायचा तसा. चित्रपटातला हा शेवटचा निखळ आनंद आहे.

जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग मी किती वेळा पाहिला असेल. जॉर्ज यूजीनच्या तोंडावर सांगतो की मोटारी म्हणजे उपद्रव आहे, त्या निघायलाच नको होत्या. टेबलावर शांतता पसरते. यूजीन चमचा हातात घोळवत म्हणतो की कदाचित जॉर्जचं बरोबर असेल. मोटारींनी माणसाच्या मनात, युद्धात आणि शांततेत काय काय बदलेल, कोण जाणे. वेग वाढला म्हणून संस्कृती पुढं जाईलच असं नाही. पण त्या आल्या आहेत. जो माणूस मोटारी बनवतो, त्यालाच ही शंका सुचावी, आणि ज्याला त्या नको आहेत त्याच्याकडे नुसता अहंकार असावा. १९०८मध्ये फोर्डची मॉडेल टी आली, १९१३मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात फिरत्या पट्ट्यावर जुळणी सुरू झाली, आणि १९२७पर्यंत त्या एका मॉडेलच्या दीड कोटी गाड्या निघाल्या. यूजीनच्या त्या मंद आवाजात हे सगळं आधीच ऐकू येतं. १९४२च्या प्रेक्षकाला तर इंजिनांचं युद्धही दिसत होतं.

आणि फॅनीआत्या. जॉर्जच्या वडिलांची अविवाहित बहीण. यूजीनवर तिचं मूक प्रेम, ज्याची सगळे गंमत करतात. ॲग्नेस मूरहेडनं ती उभी केली आहे. स्वयंपाकघरात जॉर्ज अधाशासारखा केक खातो आहे आणि फॅनी इकडचं तिकडचं बोलत यूजीनची बातमी काढते आहे. कॅमेरा जवळजवळ हलत नाही. मामा येतो, थट्टा करतो, आणि फॅनी हुंदका देत निघून जाते. पुढं घराणं बुडाल्यावर ती रिकाम्या घरात बॉयलरला टेकून जमिनीवर बसते. जॉर्ज ओरडतो की भाजेल. ती म्हणते तो गार आहे. आता त्यात विस्तव नाही. तिची सगळी पुंजी गेली ती मोटारींचे दिवे काढणाऱ्या एका कंपनीत. वेल्सच्या बापाला दिव्यांनी श्रीमंत केलं आणि फॅनीला दिव्यांनीच कंगाल केलं. टार्किंग्टनच्या कथेतलं हे कलम वाचताना वेल्सच्या मनात काय झालं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. एका काळाची किंमत कोण मोजतं, या प्रश्नाला या चित्रपटानं दिलेलं उत्तर म्हणजे फॅनी आहे: जिच्या नावावर घर कधी नव्हतंच, ती.

जॉर्जचं गर्वाचं घर खाली होतं. त्याला धडक देते ती मोटारच. पण त्याला पायउतार झालेला पाहायला जे आतुर होते, ती माणसं तोवर मेलेली किंवा त्याला विसरलेली असतात. किती कठोर आणि किती दयाळू रचना आहे ही जगाची!

पुढची हकिकत सांगताना राग येतो. फेब्रुवारी १९४२मध्ये वेल्स सरकारी विनंतीवरून ब्राझीलला दुसऱ्या चित्रपटासाठी गेला. अंतिम संकलनाचा हक्क त्यानं नव्या करारात गमावला होता. १७ मार्चला पोमोना या गावी ११० मिनिटांच्या आसपासची प्रत पाहुण्या प्रेक्षकांना दाखवली गेली, तीही ‘द फ्लीट्स इन’ या नाचगाण्यांच्या चित्रपटाला जोडून. युद्धाची धास्ती घेऊन विरंगुळ्याला आलेली पोरं फॅनीच्या आक्रोशावर हसली. स्टुडिओ घाबरला. संकलक रॉबर्ट वाइजच्या हातून काटछाट झाली, काही प्रसंग नव्यानं चित्रित झाले, आणि ८८ मिनिटांचा चित्रपट उरला. संगीतकार बर्नार्ड हरमननं आपलं संगीत कापलं गेल्यावर श्रेयनामावलीतून आपलं नाव काढायला लावलं. कापलेली निगेटिव्ह नंतर नष्ट केली गेली. घराचा भव्य जिना तेवढा त्याच वर्षी ‘कॅट पीपल’ या भयपटात कामाला आला.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या आसपास वाढलेल्या माणसाला हे दुःख परकं नाही. तिथल्या पी. के. नायर यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून डबे गोळा केले, आणि तरी आपले बहुतेक मूकपट गेलेच. फाळक्यांच्या १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’चे काही भाग तेवढे हाती आहेत. नायट्रेटची फिल्म जळते, कुजते, आणि बऱ्याचदा माणसंच ती चांदीसाठी वितळवतात. पण अँबरसन्सचे कापलेले भाग तर नको झाले म्हणून जाणूनबुजून टाकून दिले.

आता जो शेवट आहे तो इस्पितळाच्या बोळातला. यूजीन आणि फॅनी हसऱ्या चेहऱ्यानं चालत येतात, सगळं गोड होतं. तो वेल्सनं केलेला नाही. त्याच्या शेवटाची काही छायाचित्रं उरली आहेत. यूजीन एका सामान्य खाणावळीवजा घरात फॅनीला भेटायला जातो. आसपास म्हातारे भाडेकरू, ग्रामोफोनवर एक विनोदी तबकडी चालू, फॅनी झुलत्या खुर्चीत. दोघांना एकमेकांशी बोलायला काही उरलेलं नाही. वेल्सला पाठवलेली एक प्रत ब्राझीलमध्ये पोहोचली होती. तिच्या शोधात माणसं आजही तिथं जातात. त्यांना कुणी वेडं म्हणो, मी म्हणणार नाही. ती तबकडी किती वेळ वाजत होती, यूजीन निघताना फॅनीनं वर पाहिलं का, हे मला जाणून घ्यायचं आहे. फॅनीला आयुष्यभर कुणी पुरतं ऐकून घेतलं नाही, आणि तिचा शेवटचा प्रसंगही पोमोनाच्या एका संध्याकाळनंतर कापून टाकला गेला. ती प्रत सापडावी, ती फॅनीसाठी.