शीळफाटा सोडा, होडी पकडा!

शुक्रवारची रात्र, पावणेनऊ. शीळफाट्यावर माझी रिक्षा पंचवीस मिनिटं एकाच कंटेनरच्या मागे उभी. पनवेलचे ट्रक, कल्याणच्या बसेस, सगळेच हॉर्न वाजवतायत. तेवढ्यात युट्रेख्टला सेटल झालेल्या मैत्रिणीचा फोटो आला. व्हेख्त नदी, संथ चाललेली बोट, हातात कॉफी आणि काठावर ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी सतराव्या-अठराव्या शतकात बांधलेले टुमदार बंगले. खाली एक ओळ : 'आपल्याकडे का नाही गं असं?'

चिडचिड झाली. मग आठवलं, आपल्याकडे उल्हास नदी आहे की! खंडाळ्याच्या डोंगरातून निघून कर्जत, बदलापूर करत ती कल्याणला येते. इथे समुद्राचं पाणी आत शिरतं, म्हणून आपण तिला सरळ 'खाडी' म्हणतो आणि लोकलच्या खिडकीतून नाकाला रुमाल लावून विसरून जातो.

रविवारी रूममेटला घेऊन डोंबिवली पश्चिमेचं मोठागाव रेतीबंदर गाठलं. ओळखीतून एक मोटरहोडी ठरवली होती. "दहाला निघू ना काका?" मी विचारलं. काका हसले. "ताई, होडी घड्याळावर नाय सुटत, भरतीवर सुटते." साडेअकराला पाणी चढायला लागलं आणि आम्ही कल्याणच्या दिशेने निघालो. माझ्या आठवड्यातला हा पहिला उशीर, ज्याचा राग आला नाही.

पाच मिनिटांत शहराचा आवाज मागे पडला. उजवीकडे डोंबिवलीच्या बिल्डिंगी, डावीकडे भिवंडीची बाजू, तिवरं, चिखलात उभे बगळे. मागे वळून काकांनी अंजूर गावाची दिशा दाखवली. वसईच्या १७३७ ते १७३९च्या मोहिमेत पेशव्यांना मोलाची मदत करणारे गंगाजी नाईक याच अंजूरचे. इतक्या जवळ राहून मला हे माहीत नव्हतं. तुम्हाला होतं?

काका स्वतः रेतीच्या धंद्यातले. डुबीवाले. म्हणजे बांबू धरून खाडीच्या तळाशी जायचं, लोखंडी बादली रेतीने भरायची, वर यायचं, पुन्हा खाली. पाण्याच्या दाबाने त्यांचा एक कान गेलाय, त्यामुळे आम्ही दोघी मुद्दाम डाव्या बाजूला बसलो होतो. समोरच्या टॉवर्सकडे बोट दाखवून ते म्हणाले, "तुमच्या बिल्डिंगीत आमचा दम हाय, ताई." मी भाड्याच्या टू-बीएचकेच्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर रोज चालते. खालच्या रेतीचा विचार कधी केला नव्हता.

त्यांचा मुलगा भिवंडीच्या गोडाऊनमध्ये कामाला आहे. त्याला होडी चालवता येत नाही. "शिकवली नाय?" "कशाला? मासा कुठं ऱ्हायला?" एका नाल्याच्या तोंडाशी आम्ही नाक दाबलं. काकांनी नाही दाबलं. इथेच लहानपणी ते चिखलात निवट्या पकडायचे.

शेवटी दुर्गाडी दिसला. पुलावरून शंभर वेळा पाहिलाय, पण पाण्यातून पाहिल्यावर तो इथेच का आहे ते कळतं. किल्ल्याचं तोंडच मुळी खाडीकडे आहे. १६५७मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठा आरमाराची सुरुवात याच काठावर झाली. त्याच्याही आधी, पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. व्हेख्तवर बंगले उठत होते, त्याच शतकात इथे जहाजं बांधली जात होती!

बरं, ही नदी म्हणजे नुसता इतिहास नाही. २०१६च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले. त्यातला ५३ नंबरचा कल्याण-ठाणे-मुंबई, म्हणजे आपलाच. २०२४मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरूसुद्धा झाली. कागदावर आपल्या दारात हायवे आहे, पाण्याचा. मग मी फाट्यावर कंटेनरच्या मागे का?

परतताना ओहोटी होती, इंजिन जवळजवळ बंद. काका सुकाणू धरून गप्प. मी मैत्रिणीला दुर्गाडीचा फोटो पाठवला : 'आहे गं. आपणच पाठ फिरवून बसलोय.' रात्री तिचा फोन आला. डिसेंबरमध्ये येतेय. म्हणाली, कॉफीचा थर्मास तू आण.

जायचंय?
शीळफाट्यावरून बस किंवा शेअर रिक्षाने डोंबिवली स्टेशन, पूल ओलांडून पश्चिमेला, तिथून रिक्षाने मोठागाव. भरतीची वेळ आधी विचारा, पैसे आधी ठरवा. लाइफ जॅकेटशिवाय बसू नका. पावसाळ्यात अजिबात नको आणि अंधाराच्या आत परत या. खाऊची रॅपर्स बॅगेतच ठेवा. खाडीत ती आधीच भरपूर आहेत.