तुलि, तूलि आणि तुल्लि

मुलांनो, आधी हे तीन शब्द मोठ्यानं म्हणून पाहा : तुलि, तूलि, तुल्लि. ऐकणाऱ्याला तिन्ही वेगळे ऐकू आले पाहिजेत, बरं का! पहिल्याचा अर्थ आग, दुसऱ्याचा वारा आणि तिसऱ्याचा जकात. ही फिनलंड देशाची फिनिश भाषा. तिथं 'तू' जरा आखडला, की वाऱ्याची आग होते! हसू नका. आपल्याकडेही मका शेतात असतो आणि मक्का अरबस्तानात.

लाखांदूरच्या मास्तरला फिनिशचं काय पडलं आहे, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण माझी भाची. नवेगावबांधचं जंगल पाहत ती मोठी झाली. आता तिला पुढचं वनशास्त्र फिनलंडमध्ये शिकायचं आहे. योएन्सू गावात ईस्टर्न फिनलंड विद्यापीठ आहे, तिथं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, शिकवणं इंग्रजीतून. युरोपाबाहेरच्या मुलांना अशा अभ्यासक्रमांना तिथं २०१७ पासून फी पडते. तेव्हा भाऊजींनी मला विचारलं, "मास्तर, शिकवनार इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, मंग हे तिसरं कायले? पैसा आपन अभ्यासासाठी भरनार, का बोली शिकाले?"

प्रश्न रास्त होता. तुमच्याही घरात असाच उठेल, म्हणून सांगतो. फिनलंडची सुमारे तीन चतुर्थांश जमीन जंगलाची आहे, आणि त्यातलं जवळपास साठ टक्के जंगल साध्या कुटुंबांच्या मालकीचं. सरकारचं नव्हे! आपल्या धानाच्या बांध्या असतात ना, तशी त्यांची झाडं. कोणती झाडं केव्हा तोडायची, पुन्हा काय लावायचं, हे वनतज्ज्ञाला त्या मालकांना समजावून सांगावं लागतं. म्हातारा मालक काय इंग्रजीत बोलणार? पदवी इंग्रजीत मिळेल, पण काम फिनिशमध्ये मिळेल. पुढं कुणाला तिथलं नागरिकत्व हवं असेल, तर फिनिश किंवा स्वीडिशची परीक्षा द्यावी लागते. सहा पायऱ्यांपैकी निदान तिसरी गाठावी लागते.

मग मी आणि भाची हिशेबाला बसलो. तिथं अभ्यास 'क्रेडिट'मध्ये मोजतात. एक क्रेडिट म्हणजे सुमारे २७ तासांची मेहनत. दोन वर्षांत १२० क्रेडिट पुरे करायचे. पाच क्रेडिटचा एक फिनिश वर्ग घेतला, तर १३५ तास झाले. तो बारा आठवड्यांत संपवायचा, तर आठवड्याला अकरा तास! बाकीचे विषय आहेतच. अमेरिकन सरकार आपल्या परदेशी नेमणुकीच्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं, ते फिनिशसाठी सुमारे ११०० तास वर्गात धरतं. एका वर्गानं भागणार नाही, हे उघडच आहे.

भाऊजींना मी एवढंच म्हटलं, "रोवणीच्या दिवशी कोणी पऱ्हे टाकतो का?" त्यांना पटलं. अर्ज साधारण जानेवारीत भरायचा, वर्ग सप्टेंबरच्या सुमारास सुरू. मधल्या आठ महिन्यांत रोज अर्धा तास दिला, तरी १२० तास घरबसल्या होतात, म्हणजे जवळजवळ पहिला वर्ग इथंच उरकला. तिथं गेल्यावर पहिल्या सत्रात भाषेचा वर्ग घ्यायचाच, 'आधी मुख्य विषय, मग पाहू' असं म्हणायचं नाही. दुसऱ्या वर्षी प्रबंधाचं काम मानेवर बसतं, तेव्हा कोण नवी भाषा सुरू करील?

आपल्या गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी बौद्ध धर्म जाणून घेण्याच्या ओढीनं १८९९ मध्ये घर सोडलं. काशीत हालअपेष्टा सोसून ते आधी संस्कृत शिकले आणि १९०२ मध्ये सिलोनला जाऊन पाली. संस्कृतची शिडी पालीला लावता आली. फिनिशला मात्र अशी शिडी मिळत नाही. तिथली दुसरी राजभाषा स्वीडिश, ती आपल्या मराठीची लांबची बहीण लागते. 'तीन'ला स्वीडिशमध्ये 'त्रे' म्हणतात. फिनिशमध्ये 'कोल्मे'! घराणंच वेगळं.

तरी मराठी मुलांना एक गोष्ट सोपी जाते. 'तालो' म्हणजे घर. 'तालोस्सा' घरात, 'तालोस्ता' घरातून. आपल्यासारखेच प्रत्यय मागं चिकटतात. फक्त विभक्ती पंधरा! आणि प्रत्ययही शब्दाचा सूर ओळखून स्वर बदलतो. 'मेत्सॅ' म्हणजे जंगल, तर जंगलात 'मेत्सॅस्सॅ'. 'कौप्पा' म्हणजे दुकान, पण दुकानात म्हणायचं तर 'कौपास्सा', एक 'प' गळतो. आपला 'रस्ता' 'रस्त्यात' होतो, तसंच काहीसं. लिंगाची कटकट तर नाहीच. तो आणि ती, दोघांनाही एकच शब्द, 'हॅन'.

पुस्तकातलं 'मिनॅ ओलेन', म्हणजे 'मी आहे', लोकांच्या तोंडी 'मॅ ओन' होतं. यानं शहरातली मुलं गोंधळतील, आपण का गोंधळावं? आपल्या झाडीत पाणी म्हणजे पानी, डोळा म्हणजे डोरा. माझे पहिलीचे विद्यार्थी घरून 'डोरा' घेऊन येतात आणि फळ्यावरचा 'डोळा' वाचतात. दोन्ही जपतात. हे कसब त्यांना कोणी शिकवलेलं नाही, आणि पालकहो, घरी तुम्ही 'शुद्ध बोल' म्हणून त्यांच्यावर डाफरू नका.

भाचीनं आता वही केली आहे. उजव्या पानावर पुस्तकी फिनिश, डाव्या पानावर बोलण्यातली. यूले ही तिथली प्रसारण संस्था सोप्या फिनिशमध्ये बातम्या देते, त्या ती रात्री जेवणानंतर ऐकते. भाऊजी शेजारी बसून विचारतात, "आज वारा हाय का आग?" शेवटच्या पानावर ती तास मांडते. परवापर्यंत एकेचाळीस झाले होते. अर्जाचा निकाल अजून यायचा आहे.